अकरा सेकंद

पहिला सर्व्हर द्वारकेजवळ, रक्तपेढीच्याच तळमजल्यावर.
दुसरा सातपूरला, एका पॅकिंगवाल्याच्या भाड्याच्या खोलीत,
जिथे पुठ्ठ्याचा वास वायरींतसुद्धा मुरलाय.
तिसरा अगदीच लहान, जेवणाच्या डब्याएवढा,
नाशिकरोडच्या शाखेत जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी.
त्याच्याकडे डेटा नाही.
त्याला फक्त मत आहे.

विश्वस्त क्षत्रिय सर म्हणाले, दोन पुरत नाहीत का?
मी म्हटलं, सर, दोघांमधली तार तुटली
की दोघांनाही वाटतं, समोरचा गेला.
दोघेही मालक होऊन बसतात
आणि एकच पिशवी दोन पेशंटांच्या नावावर चढते.
सर जरा गप्प झाले.
सख्ख्या भावाशी प्लॉटचा दावा चालू आहे त्यांचा,
चौदा वर्षं.
तिसऱ्याचे पैसे त्याच दिवशी मंजूर झाले.

नियम मी आधी वहीत लिहिले, सरळ मराठीत.
दर सेकंदाला एकमेकांना हाक मारायची.
दोघांनी लिहून घेतल्याशिवाय पावती द्यायची नाही.
ओ येईनाशी झाली तर तिसऱ्याला विचारायचं,
त्यानेही मान हलवली तर जागा घ्यायची,
पण घेण्याआधी जुन्याची वीज तोडायची.
इथे पेन अडखळलं.
गेला असं धरून चाललोय आपण ज्याला,
तो गेलाच आहे याची खात्री करायची,
एवढंच असतं ते.
दारावरची पाटी मात्र तीच ठेवायची.
जो जागा असेल, त्याच्या दारावर.

डिसेंबर. पहाटेचे पावणेतीन.
बाहेर नऊ अंश आणि आत एसी अठरावर,
म्हणून वॉचमन ढिकलेमामा शाल घेऊन
सर्व्हरच्या पाठीशी ऊब शोधत बसलेले.
वर काउंटरला प्रणोती खैरनार एकटी.
तिला सांगितलं नव्हतं.
सांगून घेतलेली चाचणी म्हणजे
पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर,
असं मी मीटिंगमध्ये बोललो होतो,
आणि लोक हसले होते.

केबल उपटली.

सातपूर हाका मारत राहिलं.
झाडूंच्या शेजारून एक मत पडलं.
मग इथला पंखा घरघरत थांबला,
आणि ढिकलेमामा शाल ओढून म्हणाले,
ऊब गेली की हो.
अकराव्या सेकंदाला, पुठ्ठ्यांच्या वासात,
कुणीतरी उठून सांगितलं, मी आहे.

एकही नोंद हरवली नव्हती.
दोनदा मोजलं.
छाती काढून जिना चढलो, तिला सांगायला.

ती डाव्या तळहातावर बघून टाइप करत होती.
निळ्या पेनाने, तिरकं,
बी निगेटिव्ह, पिशवीचे शेवटचे चार आकडे,
आडगाव, दोन सेहेचाळीस.
स्क्रीन जरा अडकली ना सर,
आणि तो माणूस थर्माकोलचा डबा घेऊन उभा,
म्हणून देऊन टाकली. आता चढवते.
कागद नव्हता का?
कागद शोधायला पण वेळ लागतो.
मागच्या वर्षी बंद पडलं होतं तेव्हापासूनची सवय आहे.

मी काय केलं होतं ते मग सांगितलं.
ती रागावली नाही.
पुढच्या वेळी एक फोन करा, म्हणाली,
आणि पुन्हा हाताकडे बघून एक आकडा तपासला.

खाली येऊन केबल लावली, वीज सोडली.
जुना जागा झाला, इकडेतिकडे पाहिलं,
आणि धाकट्यासारखा सातपूरला विचारू लागला,
कुठपर्यंत आलात?
मामा म्हणाले, मग आता साहेब कोण?
सातपूर.
आणि हा?
हा ऐकून घेतोय.
मामांनी शाल सारखी केली, पुन्हा पाठ टेकवली.
त्यांचं काम भागत होतं.

साडेसातला टपरीवर चहा घेताना
प्रणोतीने ग्लास दोन्ही हातांत धरला होता.
साबणाने धुऊनही
चारातले दोन आकडे दिसत होते.